एदोगावातली डच टाइल

"विभाताई, जहाज गेलं!" शैलेंद्र दारातच म्हणाला.

विभा बर्वे तोक्योजवळच्या ग्योतोकुत खासगी तपासाचा व्यवसाय करत असे. म्हणजे बहुतेक वेळा पुण्याच्या आईबापांसाठी जपानमधल्या होऊ घातलेल्या जावयांची चौकशी. तिचे यजमान सदानंद हेच तिचे सहायक. त्यांचं काम चहा करणं आणि उशिरा समजणं.

"कुठलं जहाज?" सदानंदांनी विचारलं.

जहाज टाइलवरचं होतं. निळंपांढरं, तळहाताएवढं, साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडहून नागासाकीला आलेलं. टाइल प्रोफेसर कुवातांच्या घराण्यातली. डचांनी समुद्र हटवून जमीन कशी केली, यावर आज दुपारी शैलेंद्रचं व्याख्यान होतं आणि त्यावर विद्यापीठातली एकुलती एक कायम जागा ठरणार होती. सरांनी टाइल विश्वासानं दिली होती. ते पहिल्या रांगेत बसणार होते.

"सकाळी भूकंपाचा हादरा बसला ना? मी टाइल घेऊन खाली धावलो. शेजारच्या मोरीआजी जिन्यात घाबरून बसलेल्या. बाहेर भिंतीशी हिरवी जाळी होती, मऊ म्हणून टाइल तिच्यावर ठेवली. आजींना वर नेलं, पाणी दिलं. त्यांनी दोन हजार अकराच्या भूकंपाची अख्खी हकीकत सांगितली. मधेच कसं उठणार? खाली येऊन बघतो तर टाइल नाही."

"जपानमध्ये चोरी!" सदानंद हळहळले.

तिघं ट्रेननं एदोगावाला, शैलेंद्रच्या घरी गेले.

"मी चोरली असती तर आनंदानं कबूल केलं असतं," शैलेंद्रची बायको सुचेता म्हणाली. "पंधरा दिवस घरात त्या टाइलचेच लाड. काल जपानी वर्तमानपत्रात गुंडाळली, पावसाला नको म्हणून पारदर्शक पिशवीत घातली, वर लाल मार्करनं जपानीत 'धोका' लिहिलं. कुणी हात लावू नये म्हणे."

"अक्षर छान आलं होतं," शैलेंद्र पुटपुटला.

खालच्या मजल्यावर नंदकिशोर राहत होता. त्याच जागेचा दुसरा उमेदवार, विषय पोर्तुगीज.

"पोर्तुगीजांना जपाननं हाकललं, डचांना ठेवून घेतलं," तो म्हणाला. "चारशे वर्षं होत आली, नोकऱ्या अजून डचवाल्यांनाच. पण टाइल चोरून मी करू काय? दाखवली तर सर ओळखतील."

"हादऱ्याच्या वेळी कुठे होतास?" विभानं विचारलं.

"दार उघडून चौकटीत उभा. नंतरही बराच वेळ तिथंच होतो. खाली कावळे ओरडत होते, कुठलीशी मोठी गाडी थांबून गेली. दिसलं काही नाही."

मोरीआजींनी वाकून सगळ्यांचं स्वागत केलं. शैलेंद्रच्या चांगुलपणाबद्दल त्या भरभरून बोलल्या. "आणि किती शिस्तीचे! परदेशी लोकांच्या हे दिवस लक्षात राहत नाहीत, महिन्यातून दोनदाच तर येतात. यांनी कसं नीट गुंडाळून आणलं होतं!"

विभानं मान डोलावली. गॅलरीत जाऊन तिनं एक फोन केला आणि सगळ्यांना शैलेंद्रच्या घरी बसवलं.

"चोर नाही," ती म्हणाली. "हिरवी जाळी कशासाठी असते? कावळ्यांनी उपसू नये म्हणून कचऱ्यावर घालायला. आज न जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. आजी त्याचंच कौतुक करत होत्या. नंदकिशोरनं ऐकली ती कचऱ्याची गाडी. आणि इथं फुटकी काच, कपबशा कशा टाकतात? वर्तमानपत्रात गुंडाळून, पारदर्शक पिशवीत, वर लाल अक्षरात 'धोका'. नेणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. शैलेंद्र, तू सगळं बरोबर केलंस. दिवस, जागा, पद्धत. फक्त तो कचरा नव्हता."

"मग पळा ना, गाडी गाठू!" सदानंद उठले.

"अहो, बसा. कचरा विभागाला फोन त्यासाठीच केला होता. सगळ्याचा चुरा झालाय. तो तोक्योच्या खाडीत भराव घालायला जाणार."

"तिथं समुद्र हटवून जमीन करतात," शैलेंद्र सावकाश म्हणाला.

नंदकिशोरला हसू येत होतं. सुचेतानं त्याच्याकडे बघितलं. मग आलं नाही.

शैलेंद्रनं सरांना फोन लावला. बराच वेळ तो नुसता "हाय, हाय", म्हणजे जपानीत "हो, हो", म्हणत फोनसमोर वाकत राहिला.

"काय म्हणाले?"

"विचारलं, कचऱ्याचं वर्गीकरण बरोबर होतं ना? मी म्हटलं, हो. म्हणाले, मग कुणाचीच चूक नाही."

"चला, सुटलास!" सदानंद म्हणाले.

"दुपारी त्यांना बरं वाटणार नाहीये. व्याख्यानाला येणार नाहीत."

सदानंद चहा करायला उठले. जागा गेली, हे त्यांना चक्क लगेच समजलं होतं.

खिडकीखाली मोरीआजी हिरव्या जाळीची नीट घडी घालत होत्या. वर बघून त्यांनी शैलेंद्रला वाकून नमस्कार केला.

त्यानंही केला.