पाण्याला कोण गार करतं?

"पाण्यानं संगणक गार होतो, मान्य. पण मग त्या पाण्याला कोण गार करतं?"

आजीने हा प्रश्न सोमवारी सकाळी विचारला, सोमवारी दुपारी विचारला, आणि मंगळवारी शलाका दात घासत असताना बाथरूमच्या दाराशी येऊन पुन्हा विचारला. शलाकाच्या तोंडात पेस्टचा फेस होता म्हणून ती गप्प राहिली. नाहीतर फार बोलली असती.

बारा वर्षांची शलाका इंगळे आधीच वैतागलेली होती आणि तिला तसं कारणही होतं. अकोल्याचा मे महिना, बाहेर शेहेचाळीस अंश, आणि तिचा खेळाचा संगणक सुरू केल्यापासून बरोबर एकोणिसाव्या मिनिटाला बंद पडायचा. आतली चिप (सगळी आकडेमोड करणारा संगणकाचा मेंदू) पंचाण्णव अंशांवर गेली की तो स्वतःला वाचवायला झोपून जायचा. स्वतःला वाचवायचा आणि शलाकाला मारायचा.

कारण शलाका एकटी खेळत नव्हती. 'कक्षारक्षक' नावाच्या खेळात तिघी मिळून एक यान चालवतात आणि पृथ्वीभोवती फिरणारा जुन्या उपग्रहांचा कचरा गोळा करतात. निमिषा दिशा सांगायची, तस्लीम कचरा पकडायची आणि शलाका यान चालवायची. मागच्या रविवारी, शाळांच्या उपांत्य सामन्यात, चालकबाईंचा संगणक झोपला आणि यान अंतराळात नुसतं तरंगत राहिलं. आधी मिळवलेल्या गुणांवर त्या कशाबशा अंतिम फेरीत पोचल्या. त्यानंतर निमिषाचा एकच निरोप आला: 'पुन्हा बंद पडणार असेल तर आत्ताच सांग. आम्ही दुसरी चालक बघतो.' निमिषा तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. त्या निरोपानंतर ती शलाकाशी एक शब्दही बोलली नव्हती.

अंतिम सामना येत्या रविवारी होता. दुपारी तीन वाजता, चाळीस मिनिटांचा.

म्हणून शलाकाने शाळेच्या प्रयोगशाळेतून आठवड्यासाठी सामान मागून आणलं होतं. त्यात एक छोटा पंप होता, नळ्या होत्या, चिपवर बसवायचा तांब्याचा ठोकळा होता आणि एक रेडिएटर (गरम पाण्यातली उष्णता हवेला देणारी, पातळ पत्र्यांची जाळी) होता. नळ्या जोडायच्या, पाणी भरायचं, झालं. पण घरात आजी होती. आजीने तीस वर्षं औष्णिक वीज केंद्रात काढली होती आणि तिथल्या सगळ्या गरम पाण्याची जबाबदारी तिच्याकडे होती. तिला एक सरळ प्रश्न विचारा, ती उलट चार विचारते. वर म्हणते, "आधी आराखडा. कागदावर जे गळतं ते टेबलावर गळतच गळतं."

पहिला आराखडा शलाकाने दहा मिनिटांत काढला. माठ, माठात बर्फ, बर्फाच्या पाण्यात नळी.

आजीने बर्फाच्या पाण्याने भरलेला स्टीलचा पेला आणला आणि थेट आराखड्यावर ठेवला. हॉलमध्ये कूलर चालू होता, हवा दमट होती. पाच मिनिटांत पेल्याच्या बाहेरून थेंब ओघळले आणि शाईने काढलेला माठ विरघळून गेला.

"आजी! माझा कागद!"

"पेला गळून राह्यला का?"

"नाही," शलाका दात-ओठ खात म्हणाली. "हवेतली वाफ आहे ती. थंड पेल्याला लागून तिचं पाणी झालं."

"प्रत्येक हवेचा एक दवबिंदू असतो (ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, तो). वस्तू त्याच्याहून थंड झाली की तिला असाच घाम फुटतो. तुझ्या नळ्यांनाही फुटेल. अन् ते थेंब पडतील कुठं? संगणकाच्या उघड्या तारांवर. शिवाय बर्फ वितळल्यावर काय? मग त्या पाण्याला कोण—"

"कळलं!" शलाका ओरडली आणि गार हवा खायला कूलरकडे वळली. तर तिथे खंडू उभा.

खंडू म्हणजे घरकामाचा यंत्रमानव. कपाटाएवढा रुंद आणि पुस्तकातल्यासारखा बोलणारा. रोज दुपारी तीनच्या सुमारास तो भांडी अर्धवट टाकून हॉलमध्ये यायचा, कूलरकडे पाठ करायचा आणि ठाण मांडायचा. सगळ्या घराची हवा एकटा अडवायचा.

"खंडू, हो बाजूला! सगळी हवा तूच घेतोस!"

"क्षमस्व. मला येथे उभे राहणे आवश्यक आहे."

शलाकाने त्याला ढकललं. तो दोन पावलं सरकला आणि तिची पाठ फिरताच परत आला. या घरात डोकं ठिकाणावर ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं.

दुसरा आराखडा तिला कूलर बघूनच सुचला. कूलरच्या टाकीतलं पाणी तर आयतंच थंड होतं, तिने हात बुडवून पाहिला होता. ते पाणी नळीने थेट चिपपर्यंत न्यायचं आणि परत सोडायचं. आजीला कुठेच बोट ठेवायला जागा नाही! आणि खरंच, आजी एवढंच म्हणाली, "कूलरची जाळी उघडून पाहून ये."

शलाकाने जाळी उघडली. आतल्या गवतावर बोअरच्या पाण्याची पांढरी, कडक खरपुडी चढली होती. तिने नखाने ती खरवडली, मग घरात येऊन तांब्याचा ठोकळा उजेडात धरला. त्याच्या आतल्या खाचा केसाएवढ्या बारीक होत्या. आठ दिवसांत त्या बुजल्या असत्या. सर्वांत जास्त चिडवणारी गोष्ट ही, की हे तिचं तिलाच समजलं होतं आणि आता भांडायलाही कुणी नव्हतं. मुकाट्याने तिने दुसरा आराखडा फाडला.

तिसरा मात्र आजीने पास केला. पाणी बाहेर कुठेही जाणार नाही असं बंद वर्तुळ: पंपातून ठोकळ्यात, ठोकळ्यातून रेडिएटरमध्ये, रेडिएटरमधून परत पंपात. आत ऊर्ध्वपातित पाणी (वाफ करून पुन्हा थंड केलेलं, क्षार मागे राहिलेलं पाणी). बुधवारी संगणक बंद ठेवून नुसता पंप चालवला आणि प्रत्येक सांध्याखाली कोरा कागद ठेवला. एक कागद भिजला. शलाका एका सांध्यात रबरी वायसर घालायलाच विसरली होती. आजीने भिजलेला कागद दोरीवर वाळत घातला, जणू काही प्रमाणपत्रच मिळालं होतं.

गुरुवारी दुपारी शलाकाने तिच्या खोलीत संगणक सुरू केला. एकोणिसावं मिनिट गेलं. विसावं गेलं. शलाका खुर्चीत उडी मारायच्या बेतात होती.

एकतिसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

शलाकाने कीबोर्डवर डोकं टेकवलं. आता मात्र तिला रडूच आलं. सगळं बरोबर केलं होतं. आजीचं सगळं ऐकलं होतं. बर्फ सोडला, कूलर सोडला, वायसर घातलं. आणि तरीही निमिषाला 'दुसरी चालक बघा' असंच सांगायचं?

आजी स्टूल ओढून शेजारी बसली. तिने तापमापक नळीला लावला. "पाणी अठ्ठावन्न अंश. खोली किती आहे?"

"एक्केचाळीस. तू पुन्हा तोच प्रश्न विचारलास ना, तर मी घर सोडून जाईन."

"नाही विचारत. ऐक. पाणी काही गिळत नाही बाप्पा उष्णता. पाणी हमाल आहे. चिपपाशी ओझं उचलतं, रेडिएटरपाशी आणून उतरवतं. पण उतरवून घ्यायला तिथं कुणी पाहिजे ना? उष्णता आपणहून नेहमी जास्त गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे जाते, उलटी कधीच नाही. तुझ्या खोलीतली हवाच एक्केचाळीस अंश. मग पाणी तिच्यापेक्षा गार होणार कसं? ते तिच्या वरच राहणार, अन् चिप पाण्याच्याही वर."

"म्हणजे चूक हवेची आहे?"

"चूक कुणाचीच नाही. पाण्याला हवा गार करते. अन् आपल्याकडची हवा ही अशी."

हे उत्तर सोमवारीच दिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं शलाकाला विचारायचं होतं. पण ती उठली आणि डोळे पुसत हॉलमध्ये गेली. निदान एक मिनिट तरी गार वाऱ्यात उभं राहावं म्हणून.

कूलरसमोर खंडू उभा होता.

"तू!" शलाकाचा बांधच फुटला. "तुला काय करायचाय रे गार वारा? लोखंडाला काय उकडतं?"

"होय," खंडू म्हणाला.

"काय होय?"

"मला उकडते. माझ्यातही चिप आहेत. भांडी घासताना माझे अंतर्गत तापमान वाढते. माझ्या पाठीत रेडिएटर आहे. आपण मला रोज ढकलता, परंतु कारण कधी विचारले नाही."

शलाका त्याच्या मागे गेली. पाठीवरच्या झाकणाच्या फटींतून पातळ पत्र्यांची जाळी दिसत होती. अगदी तिच्या रेडिएटरसारखी. तिच्यावर कूलरचा वारा थेट आदळत होता. आजी मागोमाग आली होती; तिच्या हातातला तापमापक घेऊन शलाकाने वाऱ्यात धरला. अठ्ठावीस अंश.

"आजी," ती सावकाश म्हणाली, "बाहेर शेहेचाळीस आहे. कूलर हवा बाहेरूनच ओढतो. मग ती आत येईपर्यंत अठ्ठावीस कशी होते?"

आजीने शलाकाचा तळहात ओला केला आणि त्यावर फुंकर घातली. हात गार पडला.

"बाष्पीभवन (पाण्याची वाफ होणं)," शलाका म्हणाली. "वाफ व्हायला पाण्याला उष्णता लागते. ती ते माझ्या हातातून घेतं. आणि कूलरमध्ये गवतावरचं पाणी हवेतूनच घेतं! म्हणून हवा गार!"

"अन् आपली हवा कोरडी ठणठणीत, म्हणून पाणी झपाट्यानं उडतं. कोकणात हा कूलर इतका चालणार नाही. आमच्या केंद्रातले ते मोठाले मनोरे पाहिलेस ना? तेही हेच करून राह्यले."

"मग मी संगणकच इथे आणून ठेवते!"

त्याच क्षणी कूलरने गवतातून एक शिंतोडा उडवला आणि तो शलाकाच्या नाकावर बसला. तिने तो पुसला. मग स्वतःशीच म्हणाली, "नाही. संगणक कोरडाच राहायला हवा. पण रेडिएटर भिजला तरी चालेल. आणि पाणी हमाल आहे. हमाल काय, पलीकडच्या खोलीतही ओझं नेतो!"

तिच्या खोलीच्या आणि हॉलच्या भिंतीत जुन्या तारांचं भोक होतं. चौथा आराखडा तिने उभ्या उभ्याच काढला. संगणक आपल्या टेबलावर, दोन नळ्या भोकातून पलीकडे, रेडिएटर स्टुलावर, कूलरच्या पुढ्यात. आणि घाम फुटण्याची भीती नाही, कारण पाणी त्या हवेपेक्षा थंड कधीच होणार नव्हतं. आजीने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि पहिल्यांदाच एकही प्रश्न न विचारता परत दिला. शलाकाने निमिषाला निरोप पाठवला: 'बंद पडणार नाही. चालक मीच.' उत्तर आलं नाही.

रविवारी पावणेतीनला सगळं तयार होतं, आणि कूलरसमोर जागा एकच होती. रेडिएटरमधून पलीकडे येणारा वारा कोमट झालेला, तो खंडूच्या काही कामाचा नाही.

खंडू आला, स्टूल पाहिलं आणि थांबला. शलाकाला त्याला ढकलता येईना.

"आपला सामना चाळीस मिनिटांचा आहे," खंडू म्हणाला. "मी तेवढा वेळ बंद राहीन. काम केले नाही, तर उष्णता निर्माण होणार नाही. मग ती कोणाला देण्याचा प्रश्नच उरत नाही. परंतु भांडी राहतील."

"भांडी मी घासते," शलाका म्हणाली. खंडूचे डोळे विझले.

सामना सुरू झाला. आजी दारात उभी राहून आकडे सांगत होती. अठराव्या मिनिटाला शलाकाची नजर घड्याळाकडे गेली.

"एकोणीस झाली," कानात निमिषाचा आवाज आला. आठवडाभरात पहिल्यांदाच ती खेळाबाहेरचं काही बोलली होती.

"चिप पंचाहत्तर! पाणी त्रेचाळीस!" आजी ओरडली.

"वीस," निमिषा म्हणाली. मग एकतीसही गेलं. यान वळलं, धावलं, थांबलं, पुन्हा धावलं, आणि चाळिसाव्या मिनिटालाही शलाकाच्या हातात होतं.

पण कचऱ्याच्या दोन तुकड्यांनी त्या हरल्या.

शलाकाने विचारलं, "माझ्यामुळे?"

"नाही गं. ते शेवटचं वळण मीच चुकीचं सांगितलं." निमिषा म्हणाली. "मी तुला तसा निरोप पाठवायला नको होता. उद्या येऊ का घरी? मला तो रेडिएटर बघायचाय."

शलाकाने भांडी घासली. जागा झालेल्या खंडूने सगळ्या ताटल्या चुकीच्या फळीवर ठेवल्याची तक्रार केली. शलाकाने स्टूल उचललं आणि कूलरसमोरची जागा त्याला मोकळी करून दिली.

"शलाका," आजी मागून म्हणाली, "चंद्रावर तळ बांधायला घेतलाय. तिथंही संगणक तापणार. पण तिथं हवाच नाही. मग पाण्यानं आपलं ओझं उतरवायचं कुणाकडं?"

"आजी! आत्ता नाही! आठ दिवस तरी नाही!" शलाका खोलीत गेली आणि तिने दार धाडकन लावलं.

पाचव्या मिनिटाला दार उघडलं.

"आलेखाचे कागद संपलेत," ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली. "तुझ्याकडे आहेत का?"