मुद्दाम हरायचं नाय

"ओ पैलवान, चपला काढा. त्यांचं बी वजन धरायचंय व्हय?"

रामकिसननं खाली पाहिलं. खरंच, तो चपलांसकट काट्यावर चढला होता. देवगाव रंगारीच्या जत्रेत कुस्त्या लागायच्या आधी पैलवानांचं वजन धान्याच्या दुकानात होत असे. बोलणारी मुलगी नुकतीच त्या काट्यावरून उतरली होती. अंगात ट्रॅकसूट, केस घट्ट बांधलेले, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू... त्यानं मुकाट्यानं चपला काढल्या. काटा तिच्याच आकड्यावर येऊन थांबला.

"घ्या, जोड जमली!" दुकानदार म्हणाला.

ती अनसूया, गावच्या तालमीतल्या पुंजाराम वस्तादांची मुलगी. दरवर्षी ती तयार होऊन कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेला उभी राहायची आणि तशीच घरी जायची. तिच्या वजनाची दुसरी मुलगी जत्रेत येत नसे, आणि पोरं तिच्याशी खेळायला कचरत. हरलं तरी गाव हसणार, जिंकलं तरी हसणार.

दौलताबादच्या रामकिसनला यातलं काही ठाऊक नव्हतं. पंचांनी विचारल्यावर त्यानं सरळ होकार दिला.

सलामी झाली. हलगी कडाडली. अनसूयानं खाली वाकून त्याचा पाय धरला. तो सोडवणं त्याला जड नव्हतं. पण तिचं मनगट हाताला लागलं, आणि हिला लागलं तर... ही रडली तर... असं काहीबाही त्याच्या मनात आलं. त्यानं अंग सैल सोडलं. पाठ मातीला टेकली.

शिट्ट्या वाजल्या. पंच फेटा घेऊन पुढे आले. अनसूयानं मान बाजूला घेतली.

"फेटा नको. कुस्ती झालीच नाय."

आणि ती गर्दीतून चालू लागली. रामकिसननं तिला बांगड्यांच्या दुकानांमागं गाठलं.

"काय चुकलं माझं?"

"पडताना पैलवान श्वास धरतो. तुमी सोडला."

"तुमाला लागंल म्हनून..."

"किती वर्सं त्या कडंला उभी हाय मी! मला एवढंच बघायचं होतं, मी कुठवर आले ते. तुमी तेवढं बी बघू दिलं नाय."

तिचे डोळे भरले होते. रडू नये म्हणून आपण पडलो, आणि त्यामुळंच ती रडते आहे, हे त्याला तेव्हा कळलं.

"बेस्तरवारी तालमीत येतो," तो म्हणाला. "खरी कुस्ती करू."

"आला तर बघू."

तो एसटीनं आला. तालमीत पुंजाराम वस्ताद एकटेच पंच म्हणून बसले. या वेळी रामकिसननं काही राखून ठेवलं नाही. बराच वेळ झुंजल्यावर त्यानं तिला खांद्यानं दाबून चीत केलं. आता ही आपल्याशी कधी बोलायची नाही, असं त्याला वाटलं.

अनसूया उठून बसली, तोंडातली माती थुंकली... आणि हसली.

"लई ताकद हाय की!"

"राग नाय आला?"

"जत्रंत आला होता. आज कशाला यील?"

"एक सांगू? वजन सारखं असलं तरी खांद्यानं मी भारी पडतो. ही बरोबरी नाय."

"ठावं हाय. पर तुमचा दम लवकर जातो. शेवटी भात्यावानी फुसफुसत होता!"

"दोघं बी खरं बोलता," वस्ताद म्हणाले.

मग तो दर बेस्तरवारी येऊ लागला. एका संध्याकाळी हौदाबाहेर हातपाय धुताना त्यानं कसंबसं विचारलं, "अनसूया... वस्तादांना इचारू का? आपल्याबद्दल?"

तिनं त्याच्या हातावर तांब्याभर पाणी ओतलं. "इचारा. पर आधी मी तुमाला चीत करनार."

"मग आत्ताच पडतो की!"

"मुद्दाम पडला, तर पुन्यांदा या तालमीत पाय ठेवायचा नाय."

मोठी पंचाईत झाली. मेहनत कमी करावी, तर तिला लगेच कळणार. त्यानं उलट जोर-बैठका वाढवल्या. "एवढा कुणाला पाडायला निघाला?" मित्र विचारत. काय सांगणार? या गड्याला हरायचं होतं... पण सगळी ताकद लावून.

थंडी पडली. एका बेस्तरवारी कुस्ती लांबत गेली. रामकिसनचा दम संपत आला, तिचा टिकला. त्यानं खांद्यानं रेटलं, तशी ती खालून निसटली आणि वळून त्याच्यावर आली. त्यानं मान ताठ धरली, टाच मातीत रोवली, दात खाल्ले... तरी पाठ टेकलीच.

"चीत!" वस्ताद ओरडले.

"खरं सांगा..." ती धापा टाकत म्हणाली. "मुद्दाम?"

त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला. आत नुसती धडधड चालली होती. खात्री पटल्यावरही तिनं हात काढला नाही.

"आबा," वळून न पाहताच ती म्हणाली, "ह्यांना तुमाला कायतरी इचारायचंय."

वस्ताद वाट पाहत राहिले. रामकिसननं दोनदा तोंड उघडलं, पण दम काही सापडेना.

शेवटी तिनंच विचारलं.