पडताळणीची चार मिनिटं

संशोधन संस्थेच्या कँटीनमध्ये गुरुवारी आलुबुखाराचा केक असतो आणि जेवायला उशिरा येणाऱ्यांना त्याचा एकच तुकडा उरतो. त्या तुकड्यापाशी एकदम दोन हात पोचले.

"अर्धा-अर्धा?" थिलो म्हणाला.

"मोठा अर्धा माझा," विब्के म्हणाली.

बाहेर हार्ट्झच्या डोंगरावरून तिरपा पाऊस येत होता. पुढली चार वर्षं केक असाच वाटला गेला.

थिलोचं उपकरण अवकाशयानावर बसून एका लघुग्रहाकडे निघालं होतं. त्याला आज्ञा लिहून पाठवायचं काम विब्केचं.

"वरची माती उन्हानं तापते, तिचं खरं मानू नये," तो म्हणे. "मायक्रोवेव्ह लहरी वीतभर खालून येतात. आतलं तापमान सांगतात."

"माणसांसाठी आहे का रे असं काही?"

"आहे... पण आधी पडताळणी."

दर अर्ध्या तासाला ते उपकरण समोरून नजर काढून चार मिनिटं स्वतःच्याच, तापमान आधीच माहीत असलेल्या गरम पट्टीकडे बघे. त्याशिवाय थिलोचा आकड्यांवर विश्वास नसे. स्वतःही तसाच. विब्केनं फाटकापाशी त्याचा हात धरला, की दुसऱ्या दिवशी हे साहेब लुबेकला, आईकडे – पंधरा दिवस, स्वतःच्या मनाची खात्री करायला.

"मला दूर तुलूझला नोकरी मिळतेय," एकदा ती म्हणाली. "यान लघुग्रहापाशी पोचेल त्या दिवशी दुपारी बारापर्यंत उत्तर द्यायचंय."

तो छत्री मिटत राहिला. "तोवर... खात्री होईल."

"आणि जवळून जाताना पडताळणी गाळू या. भेट दहा मिनिटांची, यान पुन्हा तिकडे जाणार नाही."

"ती आधीच उरकेल. पडताळणीशिवाय आकडा कसला?"

आज्ञा तीन आठवडे आधी गेल्या. मग बदल करता येत नव्हता. यान सहा मिनिटं लवकर पोचलं, पडताळणी मात्र ठरल्या वेळीच सुरू झाली.

पडद्यावर रेघ चढत गेली, ऐन जवळ आल्यावर सपाट झाली, पुन्हा हलली तेव्हा लघुग्रह मागे पडला होता. गरम पट्टीचं तापमान तेवढं फारच अचूक आलं. संस्थेच्या प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या, त्या कार्यक्रमपत्रिकेत होत्या.

थिलो वळला. "विब्के... माझी खात्री झालीय. जाऊ नकोस."

साडेतीन वाजले होते.

"बाराला सही पाठवली," ती म्हणाली. "सकाळभर तुझ्या शेजारी उभी होते. तू पट्टी बघत होतास."

गुरुवारच होता. कँटीनमध्ये त्यानं शेवटच्या तुकड्याचे दोन भाग केले, मोठा तिच्यापुढे सरकवला.

तिनं तो कागदी रुमालात बांधला.

"गाडीत खाईन," ती म्हणाली.