बारावं अस्तर

कवळ्या बनवणाऱ्या बाईला माणसांची तोंडं आधी लक्षात राहतात, चेहरे मागाहून. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की तिला आधी खालची डावी दाढ आठवायची, मग माणूस. नऊ वर्षं ती दातांच्या दवाखान्यामागच्या लांबट खोलीत काम करत होती. खिडकीखाली प्लास्टरचं पिंप, ओट्यावर मेण वितळवायचा दिवा आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले पांढरे जबडे. पुढे डॉक्टर माप घ्यायचे, मागे ती दात बसवायची. एकदा दोन व्याह्यांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली आणि आठवडाभर दोघांपैकी एकानेही तक्रार केली नाही. तेव्हापासून प्रत्येक कवळीच्या मागच्या कडेला ती एक बारीक अर्धचंद्र कोरायची आणि त्याखाली पेशंटचा आकडा. डॉक्टर हसायचे. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून ती कोरत राहायची.

तिचा नवरा काचेच्या कारखान्यात तपासनीस होता. बाटली उजेडात धरायची, बुडबुडा दिसला की बाजूला ठेवायची, हे त्याने सव्वीस वर्षं केलं. दीड वर्षापूर्वी कारखाना बंद पडला आणि पाठोपाठ तोही. सकाळी उठून भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचा तो दिवेलागणीपर्यंत. जेवायला वाढलं तर तीन घास. विचारलं तर "हं". झोपेत मात्र करकरा दात खायचा. दातांचे टवके उडायला लागले तेव्हा तिने त्याच्या तोंडाचं माप घेऊन रात्री दातांवर चढवायची पट्टी बनवली. दोन महिन्यांत ती चिरली. दुसरी चिरली. तिसरी तर सरळ दोन तुकडे होऊन उशीवर पडली. दिवसभर शब्द न बोलणारा हा माणूस झोपेत कुणावर दातओठ खातो, ते तिला कधीच कळलं नाही.

आणि मग एका सकाळी, तिने भाजी निवडायला पसरलेल्या जुन्या पेपरावर बोट ठेवून तो म्हणाला, "अगं, इथे जाऊ या का?"

जाहिरात होती. माडांच्या सावलीत ओळीने छोटी घरं, पांढरी वाळू, आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ हिरवं पाणी. चार दिवस, तीन रात्री. त्याने चंद्रावर जाऊ या म्हटलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

त्या दिवसापासून घरात माणूस आला. वहीत तक्ते आखले गेले. भरती कधी, ओहोटी कधी, कुठल्या वेळी वाळू पायाला भाजणार नाही, सगळं तासावर. सुती शर्ट पलंगावर मांडून झाले. त्याला पोहता येत नव्हतं, तर स्टुलावर पालथा पडून तो हातपाय मारायला शिकू लागला. एकदा स्टूल कलंडलं आणि दोघंही पोट दुखेपर्यंत हसली. वसतिगृहातून लेकीचा फोन आला तेव्हा त्याने आपणहून तो घेतला आणि पंधरा मिनिटं माशांबद्दल बोलला. नंतर लेक आईला म्हणाली, "आई, बाबा बोलले गं," आणि रडायलाच लागली. रात्रीचं दात खाणंही कमी झालं. गेलेला नवरा तिला परत मिळत होता आणि त्यासाठी ती काहीही करायला तयार होती.

दिवसा ती दवाखान्यातच असायची, म्हणून खोली राखताना संपर्कासाठी तिने तिथलाच फोन आणि पत्ता दिला होता. पहिला फोन दुपारी आला, ती मेण तापवत असताना. आवाज पुरुषाचा, मऊ, घाई नसलेला.

"बाई, खोली मागच्या वेळचीच ठेवू ना? कोपऱ्यातली, पायऱ्या थेट वाळूत उतरतात ती?"

"आम्ही पहिल्यांदाच येतोय," ती म्हणाली.

पलीकडून लाटांची गाज येत होती.

"बरं," तो म्हणाला. "तसं लिहितो."

घरी तिने हे सांगितलं तर नवरा खुशीत आला. "अगं, गिऱ्हाइकाला आपलंसं करायच्या युक्त्या असतात या. तू पण ना, कशातही किडका दात शोधतेस!" तिलाही ते पटलं. पण मेण त्या दिवशी जरा जास्तच तापलं होतं आणि एक दात तिला तीनदा बसवावा लागला.

आठवड्याने पाकिटातून आवडीनिवडींचा कागद आला. भरून सही करून पाठवा, असं वर छापलेलं. तो भरलेलाच होता. तिच्या रकान्यात निळ्या शाईने लिहिलं होतं: उशी पातळ. पंख्याचा वारा अंगावर नको. चहा उजाडायच्या आत, आलं न घालता. सगळं बरोबर. पंख्याचं तर तिने आईशिवाय कुणाला कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या रकान्यात काहीच आवड लिहिलेली नव्हती. तिथे दोनच शब्द होते: ठाऊक आहे.

तो कागद तिने घरी नेला नाही. प्लास्टरच्या पिंपामागे सरकवून ठेवला आणि दिवसभर काही ना काही निमित्ताने तिकडे बघत राहिली.

मग पार्सल आलं. लहान पुठ्ठ्याचा डबा, कापसात गुंडाळलेली वरच्या जबड्याची पूर्ण कवळी, आणि चिठ्ठी.

"बाई, मागच्या वेळी दुरुस्तीला नेते म्हणालात आणि इथेच राहिली. साहेबांना खाताना त्रास होतो आहे. येताना अस्तर लावून आणावी."

तिने कवळी उताणी केली. मागच्या कडेला अर्धचंद्र होता. खाली आकडा नव्हता. घरच्या माणसाची कवळी असती तर तिने आकडा घातला नसता, हे तिला लगेच कळलं आणि कळल्याचा राग आला.

दात सरळ ओळीत नव्हते. डावीकडचा दुसरा दात किंचित वळून शेजारच्यावर चढला होता, मुद्दाम बसवलेला. कवळीत असा वाकडा दात कुणी बसवत नाही. नवऱ्याचा खरा दात तसा होता. त्यालाच ती भाळली होती, असं ती लेकीला चिडवून सांगायची.

तरीही ती कामाची बाई होती. नुसत्या दिसण्यावर तिचा विश्वास नव्हता. टाळूवर, पुढच्या दातांमागे, आडव्या वळ्या असतात. बोटांच्या ठशांसारख्या प्रत्येकाच्या वेगळ्या, आणि दात पडले तरी त्या राहतात. तिने कवळीच्या आत पातळ प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत खिडकीबाहेर बघत उभी राहिली. मग ते सोडवून, फळीवरून नवऱ्याचा साचा काढून शेजारी ठेवला. पाच वळ्या उजवीकडे, चार डावीकडे, डावीकडची तिसरी फाटा फुटलेली. दोन्हींत.

नवरा त्या वेळी घरी होता, बावन्न वर्षांचा, तोंडात एकूण एक दात अजून जागेवर असलेला.

कवळीच्या कडेला भिंगाखाली रेघा दिसत होत्या. दात गेले की हिरड्या वर्षागणिक झिजतात, कवळी सैल होते, मग आतून नवं अस्तर चढवावं लागतं. गुलाबी रंगाची प्रत्येक खेप थोडी निराळी निघते, म्हणून कडेला थर ओळखू येतात. तिने टाचणीच्या टोकाने मोजले. अकरा.

पेशंट संपल्यावर तिने कवळी डॉक्टरांपुढे ठेवली. कुणाची, ते सांगितलं नाही.

डॉक्टर बराच वेळ ती दिव्याखाली फिरवत राहिले. "काम तुझंच. पण निदान बारा वर्षांपूर्वीचं. तेव्हा तू इथे नव्हतीस. कुठे केलंस हे?"

"आठवत नाही."

"छान केलंस. आणि हे बघ, दाढांचे उंचवटे अजून कसे राहिलेत. जेवून जेवून जेवढे झिजायला हवेत तेवढेच झिजलेत. हा माणूस झोपेत दात खात नाही बघ." त्यांनी कवळी परत दिली. "सुखी दिसतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्वतः फोन लावला. हात पुसून, दार लावून.

"आम्ही किती वेळा आलोय तिथे?"

"साहेब एकदाच आले, बाई," तो मऊ आवाज म्हणाला. "तुम्ही दर वर्षी येता."

लाटांची गाज ऐकू येत होती. त्या आवाजात कुणीतरी दूरवर खोकललं. तिने ती खोली तिथल्या तिथे रद्द केली.

नवऱ्याला तिने सांगितलं की डॉक्टर रजा देत नाहीत. आयुष्यात तो पहिल्यांदा तिच्याशी वाद घालेल, अशी तिला आशा होती.

"बरं," तो म्हणाला.

पलंगावरचे शर्ट त्याने एकेक घडी घालून कपाटात ठेवले. वही वरच्या फळीवर गेली. स्टूल स्वयंपाकघरात. मग त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली. तो रागावला असता तर तिने पाय धरले असते, पण रागावायला तिथे कुणी नव्हतंच.

तीन घास. मग दोन. आता तो दिवसाही दात खायला लागला. ती स्वयंपाकघरातून ऐकायची, जात्यात खडा अडकावा तसा आवाज. लेकीचा फोन आला की तो मान हलवून नको म्हणायचा. लेक विचारायची, "आई, काय झालं गं? चांगले होते ना?" आणि ती म्हणायची, "थकलेत जरा."

ती स्वतःही स्वस्थ बसू शकेना. दवाखान्यात ती उगाच फळ्या पुसायची, पुसलेल्या पुन्हा पुसायची. कापसातली कवळी दिवसातून दहा वेळा उघडून बघायची. इथे एक माणूस जेवत नव्हता. तिथे एकाला जेवता येत नव्हतं. आणि दोघांच्याही टाळूवर डावीकडची तिसरी वळी फाटा फुटलेली होती. स्वतःचा घास तोंडापाशी नेला की तिला प्रश्न पडायचा, आपण नक्की कुणाला उपाशी ठेवलंय?

नवव्या दिवशी त्याचा वाकडा दात तुटला. भिंतीकडे बघता बघता, भर सकाळी. त्याने तो तळहातावर घेतला, खिडकीपाशी जाऊन उजेडात धरला, बुडबुडा शोधावा तसा बघितला आणि टेबलावर बाजूला ठेवून दिला.

तिने दवाखान्यात जाऊन फोन उचलला.

"खोली गेली का हो?"

"नाही दिली कुणाला," तो माणूस म्हणाला. "तुम्ही एकदा रद्द करता, बाई. मग फोन येतो. आम्ही थांबतो."

तिला विचारायचं नव्हतं. तरी तिने विचारलंच.

"बरे आहेत ना ते?"

"मजेत आहेत. रोज पोहतात. सगळ्यांशी गप्पा. खाताना तेवढं जरा," आणि तो थांबला. "सांगू ना त्यांना, तुम्ही येताय म्हणून?"

"सांगा," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत शर्ट पुन्हा पलंगावर आले होते. त्या रात्री नवरा चार पोळ्या जेवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं तिकिटं काढायला गेली. खिडकीसमोर लांब रांग होती. तो बाहेर कट्ट्याशी उभा राहिला, ती रांगेत. ती घरूनच ठरवून निघाली होती. परतीची तिकिटं आधी मागायची. दोन. ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवायची आणि चौथ्या दिवशी त्याचा हात धरून गाडीत बसवायचं. रांगेत तिने ते वाक्य मनात इतक्यांदा म्हटलं की ओठ हलायला लागले.

तिचा नंबर आला तेव्हा तिने सहज मागे बघितलं. कट्ट्याशी कुणाची तरी जड पेटी उचलू लागून तो आता त्या माणसाशी गप्पा मारत होता. हात पसरून लाटा किती मोठ्या असतात ते दाखवत होता आणि हसत होता. तुटलेल्या दाताच्या खिंडारासकट, अगदी सगळे दात दाखवून. असा हसताना तिने त्याला लग्नानंतर फार तर दोन वर्षं पाहिलं असेल.

"बोला," खिडकीतली बाई म्हणाली.

"जातानाची दोन."

"आणि येतानाची?"

रांगेतल्या मागच्या माणसाने पाय बदलला. बाहेरून नवऱ्याचं हसू आत आलं.

"एक," ती म्हणाली.

"एकच?" बाईने वर न बघता विचारलं.

"एकच." आणि आपला आवाज जराही हलला नाही, हे तिकिटं हातात घेताना तिच्या लक्षात आलं.