बाहेरची कडी

दिवा असू दे रे, भ्यायला अंधारच लागतो असं नाही. ही गोष्ट तर दोन-दोन पडदे झगझगत असताना घडली. माझ्या धाकट्या मेहुण्याच्या बाबतीत. तो व्हिडिओ एडिटिंग करतो, लग्नं, वाढदिवस, असलं. घरात आम्ही त्याला कात्री म्हणतो, कारण त्याच्या हातात गेलेलं काहीच पूर्ण परत येत नाही. एरवी फाटक्या तोंडाचा माणूस, पण हे सांगताना दोनदा उठून दार उघडं आहे ना ते बघून आला.

मार्चमधला शेवटचा शनिवार होता. रविवारी सकाळी एका गिऱ्हाइकाला फिल्म दाखवायची होती. त्या गिऱ्हाइकाचे वडील वर्षापूर्वी गेले, त्यांच्याच आठवणींची ही फिल्म. जन्मभर पोस्टमन, पायाला भिंगरी. म्हातारपणी मात्र स्वतःच्याच घराचा पत्ता विसरायला लागले. उठायचे आणि निघून जायचे. शेवटी मुलानं त्यांच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. नातीच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत केक कापताना मागे ते बंद दार दिसतं आणि आतून आवाज येतो, "दार उघडा रे, मला जायचंय." मुलगा म्हणाला, तेवढं काढून टाका, चार लोकांत बरं दिसत नाही. कात्रीनं काढलं. त्याला काय, त्याचा धंदाच तो.

गिऱ्हाइकाची सगळी भावंडं एकत्र बघणार म्हणून रात्री अकराला तो आपल्या स्टुडिओत मोठा मॉनिटर जोडायला बसला. काम सोपं. केबल लावायची, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्लेबॅकसाठी दुसरा मॉनिटर निवडायचा. मग काम लहान पडद्यावर चालतं आणि चित्र मोठ्यावर दिसतं. त्यानं निवडला, फिल्म चालू केली. लहान पडद्यावर म्हातारबाबा खुर्चीत बसून हसत होते. मोठ्यावर... बंद दार.

त्याला वाटलं, कापायचं राहिलं असेल. पुन्हा पाहिलं, तर तो तुकडा फिल्ममध्ये कुठेच नव्हता. सेटिंगमध्ये मोठ्या मॉनिटरची खूण काढली. दार तसंच. केबल उपटली. केबल हातात, आणि दार समोर. आता त्यात केक नव्हता, माणसं नव्हती. नुसतं दार आणि कडी.

मरू दे, सकाळी बघू, असं म्हणत तो उठला. तेवढ्यात पाठीमागे काहीतरी सरकलं. त्यानं स्टुडिओचं दार ढकललं. हलेना.

आतली कडी तर काढलेलीच होती. बाहेरून त्या दाराला कडी नव्हतीच कधी. खोलीला खिडकी नाही. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून भिंतींना जाड फोम, तोही त्यानंच हौसेनं लावून घेतलेला. मोबाइल बाहेरच्या टेबलावर चार्जिंगला. ओरडून उपयोग नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी ओरडला. खांदे मारले. मुठी सुजेपर्यंत दार ठोकलं. मग दमून थांबला.

ठोकणं थांबलं नाही.

मॉनिटरवरच्या दारामागून... चालूच होतं.

तो खाली बसला. किती वेळ, कोण जाणे. जीव गुदमरायला लागला. शेवटी दाराला कपाळ टेकलं आणि पुटपुटला, "दार उघडा रे... मला जायचंय."

म्हणाला... आणि थिजला.

मग सरपटत कॉम्प्युटरपाशी गेला. कापलेला तुकडा शोधला. होता तिथे बसवला. चालू केला. केक. टाळ्या. मागे तो आवाज. त्यानं ऐकला. शेवटपर्यंत.

पाठीमागे... कडी सरकली.

सकाळी त्यानं फिल्म तशीच दाखवली, काही न कापता. मुलगा उठून पडद्याजवळ गेला. मग म्हणाला, "राहू द्या ते. कडी मीच बसवली होती."

मी स्वतः ते दार बघून आलोय. त्या रात्रीच्या जेमतेम महिनाभर आधी बसवलेलं, नवं कोरं दार. बाहेरच्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, स्क्रूची चार भोकं. एका भोकावरून मी बोट फिरवलं.

बोटाला गंज लागला.