डाव्या चाकातला आवाज

ती ज्या गाडीभोवती फेऱ्या मारत होती ती विकायची नव्हतीच.

तिनं टायर बुटाच्या टोकानं दाबून पाहिला, काचेला कपाळ टेकवून आत डोकावलं, तेवढ्यात मागे कोणीतरी घसा खाकरला.

"ती पहिल्या मजल्यावरच्या वकिलांची आहे," तो म्हणाला. "तिला लाथ मारलेली त्यांना आवडणार नाही. माझी ती... कबुतरं बसलीत ती."

ती ओशाळून दोन पावलं मागे सरली. मग त्यालाच हसू आलं, आणि ते हसू लपवायला तो कबुतरं हाकलायला गेला. टाळी वाजवूनही ती उडेनात. तेव्हा मात्र तीही हसली.

तो शाळेत गणित शिकवायचा. इमारतीत सगळे त्याला मास्तर म्हणायचे, वकीलसुद्धा. ती कान तपासायची. जाड भिंतींच्या, बाहेरचं काहीही आत शिरू न देणाऱ्या छोट्याशा खोलीत दिवसभर बसून, कोणाला किती ऐकू येतं ते पाहायचं, हे तिचं काम. नुकतीच तिला हायवेच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात जागा मिळाली होती. जायला दोन बस, यायला दोन बस. सकाळी निघताना आई झोपलेली आणि परत येईपर्यंत आई पेंगुळलेली. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, ती काठीशिवाय खोलीबाहेर पडत नसे. तिकडेच घर करू म्हटलं तर आई ऐकायची नाही. या खिडकीतून मला खालची माणसं चालीवरून ओळखू येतात, तिकडे जाऊन मी कोणाला ओळखू, असं तिचं म्हणणं. परदेशात दिलेली धाकटी बहीण फोनवरून सल्ले द्यायची, "ताई, सरळ गाडी घे." म्हणून ती गाडी बघत होती. पेट्रोल कमी पिणारी, रोज तेवढं अंतर कुरकुर न करता कापणारी.

मास्तरनं तिला लगेच हायवेवरच नेलं. गावातल्या रस्त्यांवर त्याची गाडी गुणी होती, पण हायवेला लागून वेग वाढला तशी अंगात आल्यासारखी थरथरायला लागली. इंजिनाचा आवाज इतका चढला की दोघांना ओरडून बोलावं लागलं.

"घेऊ नका ही," तो ओरडून म्हणाला.

विकणाऱ्यानं असं म्हणायचं नसतं, असं तिनं त्याला ऐकवलं. त्यावर तो म्हणाला की मग कोणी म्हणायचं, रोज यातून तुम्हालाच जायचंय. आणि परतीच्या वाटेवर त्यानं तिला वर्गात शिकवावं तसं समजावून सांगितलं. उंच डब्यासारखी गाडी हायवेवर सगळा वेळ वाऱ्याशी भांडत असते आणि त्या भांडणाचा खर्च आपण भरतो. तिला हवी बुटकी, लांबट, सहावा गिअर असलेली, म्हणजे वेगातही इंजिन निवांत राहतं. डिझेल असेल तर लांबच्या पल्ल्याला बरं. टायरमधली हवा दर आठवड्याला बघायची, आणि नव्वदच्या वर घाई करायची नाही. घाई सगळ्यात जास्त पिते.

बोलता बोलता डावीकडे एक फाटा आला आणि त्याचं वाक्य मध्येच तुटलं. फाटा मागे पडला तसा तो आरशातून तिकडे बघत राहिला.

मग त्यानं सांगितलं. त्या फाट्यावरून आत गेलं की आजारी माणसांची काळजी घेणारं एक घर आहे. त्याचा मोठा भाऊ तिथे होता. अर्धांगवायूनं वाचा गेलेली. शाळा सुटली की तो रोज तिथे जायचा, याच गाडीनं, वर्षानुवर्षं. गेल्या हिवाळ्यात भाऊ गेला. "आता चार वाजले की किल्ली आपोआप हातात येते," तो म्हणाला. "मग आठवतं, कुठे जायचंच नाहीये. म्हणून विकतोय."

तिनं खिडकीची काच थोडी खाली केली, आणि वारा आत येऊ दिला.

उतरताना तो म्हणाला की पुढच्या रविवारी त्याच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे विजेवरची गाडी बघायला जाता येईल. आणि तिनं, रविवारी मशीनला कपडे लावायचे असतात हे सोयीस्करपणे विसरून, हो म्हटलं.

असे रविवार सुरू झाले. विजेची गाडी तिला फार आवडली. इतकी शांत की तिला स्वतःच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं. पण ती राहायची तिसऱ्या मजल्यावर, गाडी लागणार रस्त्याच्या कडेला. मग काय, खिडकीतून वायर सोडायची आणि रात्रभर येणाऱ्याजाणाऱ्यांनी तिला अडखळून पडायचं? पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी एक पाहिली. गावात सिग्नलला थांबत जाणाऱ्याला ती वरदान, पण हायवेवर एकसारख्या वेगात तिची निम्मी हुशारी वाया जाते, असं मास्तरचं मत पडलं. बघून झालं की दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायचे. तो तिला डॉक्टर म्हणायचा. मी डॉक्टर नाही, कान तपासते, असं तिनं अनेकदा सांगितलं.

"तेच तर. तुम्हाला सगळं ऐकू येत असेल."

"येतं. मघाशी तुम्ही लिटरला किती किलोमीटर पडतील ते पुटपुटत होतात, आणि चुकलात. मग हळूच 'श्शी' म्हणालात, तेही ऐकलं."

त्यानं कप तोंडाला लावला. कान मात्र लाल झाले, आणि कानांच्या बाबतीत ती तरबेज होती.

सोमवार ते शनिवार बसच्या खिडकीशी बसून ती त्या फाट्याची वाट बघायची. तो गेला की डोळे मिटायची. रुग्णालयात ती कोणाला फारशी ओळखत नव्हती. डबा एकटीनं खायची. घरी आली की आई अर्धवट झोपेत विचारायची, "आलीस?" आणि उत्तर ऐकायच्या आधी झोपून जायची. आठवडाभरात माणसासारखं बोलणं व्हायचं ते एका रविवारी. दुसऱ्याच्या गाड्यांमध्ये बसून.

मग ती निळी गाडी आली.

बुटकी, लांबट, डिझेल. सहावा गिअर. आधीचा मालक औषधांचा विक्रेता, आयुष्यभर हायवेवरच फिरलेला. सगळी सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली. ती चालवत होती, मास्तर शेजारी. सहावा गिअर पडला आणि गाडी अशी सुटली, जणू उतारावर पाणी. समोरचा काटा सांगत होता की ही थेंबाथेंबावर चालते.   यापुढे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं.

"डाव्या चाकातून आवाज येतोय," तो म्हणाला. समोर बघतच. "घूं घूं... बेअरिंग गेलं असावं."

तिनं कान दिला. मागून एक ट्रक गेला, त्याचा आवाज विरला. वाऱ्याचा आवाज होता, टायरचा रस्त्यावर होतो तेवढा होता. बाकी काही नव्हतं. जी बाई बारीकातली बारीक शिट्टी कोणाच्या कानात पोचते आणि कोणाच्या नाही हे ओळखून पोट भरते, तिला चाकात काहीही ऐकू आलं नाही.

"हो," ती म्हणाली. "येतोय खरा."

व्यापारी बिचारा चक्रावला. चाक फिरवून बघितलं, पुन्हा फिरवलं. त्या दिवशी चहा नेहमीपेक्षा लांबला, आणि दोघांपैकी कोणीही गाडीचा विषय काढला नाही. घरी जाताना ती रस्त्यानं एकटीच हसत होती.

बुधवारी दुसरी बस वाटेत बंद पडली. ती घरी पोचली तेव्हा अंधार पडून खूप वेळ झाला होता, आणि दार उघडलं तर आतही अंधार. संध्याकाळी फ्यूज उडाला होता. फ्यूजच्या बटणापर्यंत आईचा हात पोचत नव्हता, फोन आतल्या खोलीत. आई खुर्चीत बसून होती, काठी मांडीवर आडवी. दिवा लागल्यावर तिनं डोळ्यांवर हात धरला. रागावली नाही, रडलीही नाही. एवढंच विचारलं, "बसायला जागा मिळाली का गं बसमध्ये?"

ती आईच्या पायाशी खाली बसली. चांगली गाडी समोर आलेली असताना आपण रविवार लांबवत राहिलो, आणि इकडे आई अंधारात बसली. हे तिला कोणी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती व्यापाऱ्याकडे गेली आणि निळी गाडी घेऊन आली. मास्तरला न सांगता. सांगणार तरी काय? ज्या चाकात आवाज येतो असं दोघांनी मिळून ठरवलं, तीच गाडी घेतली म्हणजे आवाज नव्हता हे कबूल करणं. मग तेव्हा हो का म्हणालात, असं त्यानं विचारलं तर?

शनिवारी त्याचा मेसेज आला, उद्या एक नवीन गाडी येतेय म्हणे. तिनं लिहिलं, गाडी घेतली. त्यानं विचारलं, कोणती? तिनं दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, आणि एकच शब्द पाठवला. निळी.

खूप वेळानं उत्तर आलं. "अभिनंदन." नंतर काहीच नाही.

गाडी मास्तर म्हणाला होता तशीच निघाली. टाकी भरली की दिवसचे दिवस काटा हलायचा नाही. ती उजेड असताना घरी यायची, आईशी गप्पा मारत जेवायची. सगळं सुरळीत झालं होतं. फक्त बसमध्ये निदान शेजारी कोणाचा तरी खांदा असायचा. इथे शेजारची जागा रिकामी, पट्टा जसाच्या तसा लटकलेला. सकाळच्या धुक्यात पुढच्या गाड्यांचे लाल दिवे दिसायचे, प्रत्येकात एकेक माणूस, आणि कोणी कोणाकडे बघायचं नाही. फाटा आला की तिचा पाय आपोआप हलका व्हायचा. नव्वदच्याही खाली. ती स्वतःशीच मोठ्यानं बोलायला लागली, नुसता आवाज व्हावा म्हणून. रविवारी ती गाडी धुवायची. धुतलेली गाडी पुन्हा धुवायची.

आईनं खिडकीतून तीन-चार रविवार हे बघितलं आणि एका संध्याकाळी विचारलं की तुझ्या त्या मास्तरनं मौनव्रत घेतलंय की काय. तेव्हा तिनं सगळं सांगितलं, चाकासकट. आई इतकी हसली की तिला खुबा धरावा लागला.

"दोघांपैकी एकाला लाज सोडावी लागेल," आई डोळे पुसत म्हणाली. "तो पडला शिक्षक. त्याच्याकडून काही होईल असं मला वाटत नाही. जा तू."

त्याच्या इमारतीमागे त्याची गाडी तशीच उभी होती. गिऱ्हाइकं येत होती म्हणे, पण येईल त्याला हा खरं सांगायचा, मग घेणार कोण. तो खाली आला. बोटांना लाल शाई लागलेली, पेपर तपासता तपासता उठून आलेला. त्यानं निळ्या गाडीकडे बघितलं, तिच्याकडे बघायचं टाळलं. चला, एक चक्कर मारू, असं तीच म्हणाली.

हायवे लागला. सहावा गिअर पडला. संध्याकाळचं कोवळं ऊन त्याच्या बाजूनं आत येत होतं.

"येतोय आवाज?" तिनं विचारलं.

तो बराच वेळ ऐकत राहिला. "नाही."

"आणि तेव्हा?"

"तेव्हाही नव्हता." त्यानं मान खाली घातली. "रविवार संपेल म्हणून बोलून गेलो. तुम्ही हीच गाडी घेतलीत, तेव्हा वाटलं... चोरी पकडली गेली. कोणत्या तोंडानं फोन करू?"

"मास्तर, मीही हो म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत. मला वाटलं, नुसता भिडेखातर."

"माझ्या खोलीत काही माणसं येतात," ती म्हणाली. "काही ऐकू येत नसलं तरी येतंय म्हणून सांगतात. का, तर समोरच्याला वाईट वाटू नये. मी त्यांना लगेच ओळखते." ती थांबली. आरशात बघितलं, मागे कोणी नव्हतं. "पण मी तशी नाही. मला हवं होतं म्हणून मी हो म्हटलं. मलाही रविवार संपायला नको होता."

तो पट्टा मुठीत घट्ट धरून बसला होता, ती मूठ हळूहळू सुटली. फाटा आला आणि गेला. तो गेल्यावर, खूप हळू, त्यानं सांगितलं की तिकडून घरी परतलं की तो भावाच्या तिथे फोन करायचा. भावाला बोलता येत नव्हतं, पण नर्स त्याच्या कानाला फोन लावायची आणि हा म्हणायचा, पोचलो रे. पलीकडून श्वास ऐकू यायचा. हिवाळ्यापासून घरी पोचल्यावर सांगायला कोणी नाही. आणि ज्याच्या पोचण्याची वाट बघावी, असंही कोणी नाही.

तिनं त्याला त्याच्या दाराशी सोडलं तेव्हा दिवे लागले होते. तो उतरला, दार लावलं, दोन पावलं गेला आणि वळून खिडकीशी वाकला.

"पोचलीस की कळव," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळल्यावर कान लाल झाले.

घराखाली गाडी लावून ती लगेच वर गेली नाही. इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत फोन लावला. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत त्यानं उचलला.

"पोचले," ती म्हणाली.

"बरं झालं," तो म्हणाला. मग कोणीच काही बोललं नाही, आणि कोणीच फोन ठेवलाही नाही.

वर तिसऱ्या मजल्यावर आईनं पडदा बाजूला केला, खाली बघितलं, आणि पुन्हा सोडला.