काट्याने खाल्लेले तीन व्होल्ट

जोडणी.

चेतासेतू विभागाची एक रीत होती. मेंदू आणि शरीर जोडणारा सेतू काढण्याआधीचे शेवटचे मापन घरच्या माणसाने करायचे. मृण्मयीच्या बाबांच्या सेतूला लावलेल्या मीटरचा काटा आठवडाभर लाल रेषेखाली, म्हणजे सेतू निकामी ठरवणाऱ्या खुणेखाली, होता. आज संध्याकाळी सेतू काढणार होते, म्हणून सकाळी ती मीटर धरायला शिकत होती.

तिने नऊ व्होल्टच्या बॅटरीला दोन सारखे, फार मोठ्या रोधाचे रोधक एकापुढे एक जोडले.

"प्रत्येकावर किती?" डॉ. यामिनी गोकर्ण यांनी विचारले.

"साडेचार."

"मोज."

मापन.

काटा तीनवर थांबला. दुसऱ्या रोधकावरही तीन.

"मॅडम, उरलेले तीन?"

"मीटरने खाल्ले. काटा हलवायला वीज लागते, ती परिपथातूनच येते. रोध एवढा मोठा असला की मीटर म्हणजे प्रवाहाला मिळालेली आणखी एक वाट. पाहुणा जेवल्याशिवाय जात नाही, गं."

मृण्मयी हसली.

"तुम्हीही केलं होतं शेवटचं मापन?"

"आईचं. हा सेतू पहिल्यांदा तिलाच बसवला. मीटर हातातून सुटेना माझ्या."

"आमची आईही बाबांचा मीटर काढू देत नाही. सेतू बसवला त्या दिवसापासून लावलेला आहे. काटा दिसला की तिला झोप लागते."

"सगळेच लावून ठेवतात."

मृण्मयीने पुन्हा काट्याकडे पाहिले.

"सेतू चालतो कशावर?"

"पेशीघटावर. रुग्णाच्याच पेशींची बॅटरी, अगदी क्षीण प्रवाह. आतला रोध…"

"मोठा?"

"फार मोठा." डॉक्टर थांबल्या. "पण हाच मीटर मोठ्या यंत्रांवर बिनचूक चालतो."

"मोठ्या यंत्रांवर. बाबांचा घट तर केवढासा, आणि मीटर रात्रंदिवस लावलेला."

दोघी जिना धावत उतरल्या.

वाचन.

नाही. वाचन नाही. मृण्मयीने बाबांच्या मानेजवळचे दोन्ही चिमटे काढले. काटा शून्यावर पडला.

"काय केलंस?" आई उठली. "आता कळणार कसं?"

"हात धर त्यांचा."

आईने धरला. बराच वेळ काही नाही. मग बाबांच्या अंगठ्याने तिचे बोट दाबले. सोडले. पुन्हा दाबले.

"मॅडम, बघा ना."

डॉ. गोकर्ण दारातच उभ्या होत्या. त्यांची नजर लोंबणाऱ्या चिमट्यांवर होती.

"माझ्या आईचा मीटर," त्या म्हणाल्या, "मी क्षणभरही काढला नव्हता."